बैठक पक्की हवी

दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे आपल्यापैकी बहुतेकांचा बंदुकीशी संबंध येत नाही. जर्मनीत मात्र गावोगाव 'शुत्सनफेराइन' असतं, म्हणजे नेमबाजांचं मंडळ. त्यांची राष्ट्रीय संघटना १८६१ साली गोटा इथे स्थापन झाली. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेत्या झाल्या, त्या इथेच, म्युनिकला. यंदाच्या 'जुनं ते दुरुस्त' सदरात आमच्या गावच्या मंडळातली एक दुरुस्ती सांगतो.

तिथे ऐंशीच्या पुढचे एक आजोबा येतात. मंडळात सगळे एकमेकांना 'डू' म्हणतात, त्यामुळे मीही त्यांना अरे-तुरे करतो. जर्मनमध्ये जमतं, मराठीत लिहिताना हात अडखळतो. डोळे अधू झाल्यापासून त्यांना साध्या नेमातून काळा ठिपका दिसेना. हौशी सरावात दुर्बीण लावायला हरकत नव्हती, म्हणून जुन्या बाजारातून ते एक दुर्बीण घेऊन आले, पंधरा युरोंना. काच स्वच्छ होती. पण दुर्बीण बंदुकीवर बसवायचा माउंट मोडका होता, आणि तो पाहूनच त्यांनी घेतला होता. नवा माउंट तीस-चाळीस युरोंत मिळतो, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "नवा घेऊन वापरणार किती दिवस?" त्या सुमारास त्यांनी मंडळाच्या कपाटाची किल्ली परत करायचं दोनदा काढलं होतं. म्हणून मी नव्याचा आग्रह सोडला.

माउंट म्हणजे दुर्बिणीची बैठक. बंदुकीवर ११ मिलिमीटरची खाचेची पट्टी असते, तिला बैठकीचा जबडा स्क्रूने आवळायचा; वर दोन कड्या, त्यांत दुर्बिणीची नळी. एवढ्याशा वस्तूचं महत्त्व हिशोबाने कळतं. दोन कड्यांमध्ये १०० मिलिमीटर अंतर धरा. त्यातली एक कडी ०.१ मिलिमीटर, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाच्या जाडीइतकी हलली, तर १० मीटरवर नेम १ सेंटिमीटर सरकतो. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा! फरक कायम तेवढाच राहिला, तर दुर्बिणीच्या चकत्या फिरवून भरून काढता येतो. दर गोळीला बदलला, तर माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. आजोबांच्या वयात तो दोष लगेच पटतोही.

आमच्या माउंटला तीन दुखणी होती. जबड्याचा स्क्रू आत तुटलेला, जबड्याची कड चेपलेली, आणि एका कडीत आतून उंचवटा. सुदैवाने तडा कुठेच नव्हता. ॲल्युमिनियमला तडा असेल तर चिकटवाचिकटवी करू नये, माउंट टाकून द्यावा.

तुटलेल्या स्क्रूवर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवलं. मग त्याच्या मधोमध पंचाने खूण केली आणि उलट्या दिशेने कापणारं बारीक ड्रिल लावलं. पीळ सुटण्याच्या दिशेनेच पडत असल्याने स्क्रू आपोआप बाहेर आला. आटे शाबूत होते. टॅप फिरवून साफ केले आणि त्याच मापाचा नवा स्क्रू घातला. जबड्याची कड आजोबांनी बारीक कानशीने स्वतः घासली. ते जन्मभर फिटर होते. माझ्या हातातून कानस काढून घेताना त्यांनी विचारलंही नाही.

कडीसाठी नळीच्याच जाडीचा सरळ दांडा घेतला, त्याला शाई लावून खालच्या अर्ध्या कड्यांत फिरवला. शाई जिथे उमटली तिथे उंचवटा. दांड्याला घासाईची बारीक पेस्ट लावून, शाई सगळीकडे सारखी लागेपर्यंत घासलं. बसवताना पट्टीवरचं तेल पुसून काढलं, कड्यांचे स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळले आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवली. स्प्रिंगची एअर रायफल आधी मागे धक्का देते आणि लगेच पुढे. ढिली बैठक या दुहेरी धक्क्याने सरकते. म्हणून बैठकीची अडवणारी पिन पट्टीच्या भोकात नीट बसली आहे ना, तेही पाहिलं.

कायद्याचंही सांगतो. पंचकोनात 'एफ' असा शिक्का असलेली, ७.५ ज्यूलपर्यंतची एअर रायफल इथे १८ वर्षांवरील व्यक्तीला परवान्याशिवाय घेता येते. बाहेर नेताना मात्र ती न भरलेली आणि कुलूपबंद पेटीत हवी. आमचं सगळं काम सुट्या माउंटवर झालं. बंदुकीच्या अंगावर भोक पाडायचं किंवा झाळायचं असेल, तर ते 'ब्युक्सनमाखर'चं, म्हणजे परवानाधारक बंदूक-कारागिराचं काम.

गुरुवारी त्यांनी पाच गोळ्या मारल्या. मग दुर्बीण माउंटसकट काढली, परत बसवली आणि आणखी पाच मारल्या. बैठक तपासायची हीच पद्धत: दोन्ही वेळचे पुंजके एकाच जागी पडले पाहिजेत. ते पडले. एक गोळी मात्र पार डावीकडे गेली होती. मी माउंटकडे पाहू लागलो, तर आजोबा म्हणाले, "ती माझी."

किल्लीचा विषय त्यानंतर निघालेला नाही.