इच्छाशक्तीचा बडेजाव

तंबाखूची पुडी दहादा फेकून अकराव्यांदा ती विकत घेणाऱ्या माणसाची आपल्याकडे कीव तरी होते, नाही तर टिंगल तरी. 'मनात आणले तर काय अशक्य आहे?' असे त्याला ऐकवणाऱ्यांची वाण कधीच नसते. व्यसन हे दुबळ्या मनाचे लक्षण, हा समज आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो तपासून पाहावा असे कोणाला वाटत नाही.

१९०५ साली केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी निकोटिनचा स्नायूंवरील परिणाम अभ्यासताना असा तर्क मांडला, की पेशीमध्ये या द्रव्याला ग्रहण करणारा काही पदार्थ असला पाहिजे. तो तर्क खरा ठरला. मेंदूतील चेतापेशींवरही असे 'ग्राही' असतात. ते वस्तुतः ॲसिटिलकोलीन या शरीराच्याच रासायनिक दूतासाठी; परंतु परक्याच्या किल्लीने आपले कुलूप उघडावे, तसे निकोटिन त्यांना चेतवते. मग डोपामिन स्रवते आणि मेंदू ती सुखाची खूण विसरत नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्या उंदरांच्या ग्राहींत बीटा-२ हा घटक जन्मतःच नव्हता, ते निकोटिनच्या नादी लागले नाहीत. त्यांची इच्छाशक्ती इतर उंदरांहून प्रबळ होती, असे कोणी म्हणणार आहे काय?

पुढचा प्रकार अधिक विलक्षण. सततच्या माऱ्याने हे ग्राही बधिर होतात आणि मेंदूत त्यांची संख्या वाढते. रात्रभर निकोटिन मिळाले नाही, की बधिरलेले ग्राही पुन्हा जागे होतात. सकाळी उठल्याबरोबर हात मिश्रीच्या डबीकडे वळतो, त्याचे बरेचसे कारण हेच.

मिश्रीचा उल्लेख मुद्दाम केला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ४ टक्क्यांहून कमी आढळले, तर तंबाखू खाणारे वा दातांना लावणारे सुमारे २४ टक्के. तळहातावर तंबाखू मळताना चुना लावण्याची रीत ज्याने पाडली, त्याला रसायनशास्त्र ठाऊक नसेल. पण अल्कधर्मी चुन्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात लवकर उतरते, हे खरे.

१९९४ साली अमेरिकेतील सात बड्या तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी संसदीय समितीपुढे शपथेवर सांगितले, की निकोटिनचे व्यसन लागते असे आम्हांला वाटत नाही. सारा दोष माणसाच्या मनावर ढकलला, की तो कोणाच्या पथ्यावर पडतो हे यावरून दिसावे.

निश्चय लागतो, हे कोण नाकारील? परंतु धूम्रपान सोडलेल्यांच्या मेंदूच्या तपासण्यांवरून दिसते, की वाढलेले ग्राही पूर्वपदावर येण्यास साधारणतः दीड ते तीन महिने लागतात. खरी कसोटी त्या काळाची. आणि नेमके त्याच काळात आपण त्या माणसाला उपदेशाखेरीज काय देतो? निकोटिनचे च्युइंगगम आहे, त्याच ग्राहींना अर्धवट चेतवून तलफ शमवणारे व्हॅरेनिक्लिन आहे, समुपदेशन आहे. राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, कचेऱ्यांत फलक लावले; आता ही औषधे तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टरांच्या सल्ल्याने विनामूल्य मिळाली पाहिजेत, आणि तंबाखू सोडू पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला समुपदेशकाकडे जाण्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा मिळाली पाहिजे, तीही पगारी.