हात गेला, माणूस गेला नाही

भोसरी, तळवडे, चाकण भागातील लहान कारखान्यांत पॉवर प्रेसवर बोटे गमावलेले कामगार आपल्याही वस्त्यांत आहेत. टाके निघतात, जखम भरते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. ज्याला विचारल्याशिवाय घरात काही ठरत नव्हते, त्याला मुलीच्या स्थळाबद्दलही कोणी विचारत नाही. “तुम्ही बसा, आम्ही बघतो,” असे प्रेमानेच म्हटले जाते. पण अशा प्रेमाने माणूस दुसऱ्यांदा जायबंदी होतो.

सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आम्हाला मात्र त्यांची आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. त्यांनी पुण्याच्या टेल्कोत नोकरी केली. पदक प्रत्येकाला मिळणार नाही. पण झेपेल ते काम आणि स्वतःच्या कमाईचा पैसा मिळाला, तर माणूस ताठ मानेने जगतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची पायाभरणी त्याच काळात झाली आणि १९४८ साली राज्य विम्याचा कायदा आला. या योजनेतील कामगाराला कामावरच्या अपघाताने कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर वेतनाच्या ९० टक्के दराने आयुष्यभर लाभ मिळतो. बोटे किंवा हात गेला, तर कमाईची शक्ती किती घटली हे वैद्यकीय मंडळ ठरवते व त्या प्रमाणात लाभ मिळतो. ही भीक नव्हे, हक्क आहे. म्हणून अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्या. विमा कार्ड, पगाराची पावती, दवाखान्याचे कागद एका पिशवीत जपून ठेवा. ठेकेदार “मिटवून टाकू” म्हणाला, तरी कोऱ्या कागदावर सही करू नका.

बंधू-भगिनींनो, करुणा म्हणजे कीव नव्हे. अशा भावाला विहारात बोलवा. वर्गणीचा हिशेब, मुलांचा अभ्यासवर्ग त्याच्याकडे सोपवा. विमा कचेरीत जाताना शिकलेल्या एका तरुणाने त्याच्याबरोबर जावे. आणि घरातला कोणताही निर्णय घेताना आधी त्याला विचारा.

जयभीम!