नारळीकरांची ब्लाइंड टेस्ट

२० मे २०२५ ला जयंत नारळीकर गेले आणि चाहत्यांनी श्रद्धांजली म्हणून काय केलं? त्यांचा रिझ्युमे वाचून दाखवला! केंब्रिज, हॉईल, आयुका, पद्मविभूषण... आणि शेवटी 'मराठी विज्ञानकथेचे जनक'. बरं, आवडती कथा कोणती? यावर बहुतेक मंडळी गप्प. फार तर 'ती ब्लॅकहोलवाली'.

हे मला खटकतं, कारण स्वतः नारळीकरांनी नेमकं उलट केलं होतं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपलीच आद्याक्षरं उलटी करून! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली पत्नी मंगला नारळीकर यांनी. पहिलं बक्षीस मिळालं. ज्याला पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती, तो माणूस म्हणत होता की नाव झाकून ठेवा आणि कथा तपासा. आपण कथा झाकून नाव ओवाळतोय.

२००८ ची ज्योतिषाची चाचणीही तशीच. दोनशे मुलांच्या कुंडल्या. निम्मी हुशार, निम्मी बौद्धिक अपंगत्व असलेली. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्यांची उत्तरं पाठवली. कोण कुठल्या गटातलं, सांगा. उत्तरं बरोबर आली ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. आता 'सर, तुम्ही आमचे हिरो' म्हणणाऱ्यांपैकी किती जण लग्न जमवताना पत्रिका बघत नाहीत, हे आपापल्या मनाला विचारा.

कोणी म्हणेल, माणूस गेलाय, आता कसली चिकित्सा? अहो, चिकित्सा हाच तर त्यांचा आग्रह! माझं मत विचाराल तर त्यांची पात्रं बऱ्याचदा पुठ्ठ्याची वाटतात, आणि संवादात मध्येच लेक्चर सुरू होतं. पण 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, मराठे जिंकले, अशा जगात प्राध्यापक गायतोंडे जाऊन पोचतात. एवढ्यावर छाती फुगवून थांबलात तर कथा हुकलीच. त्या जगात लोक अध्यक्षीय भाषणांना इतके विटलेत की सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामीच ठेवतात. गायतोंडे त्या खुर्चीत बसून बोलायला लागतात, तर श्रोते त्यांच्यावर हाताला येईल ते फेकतात!

श्रद्धांजली सभांचं इतकं चोख वर्णन दुसरं सापडायचं नाही.

असो. या वीकेंडला 'यक्षांची देणगी' काढा. एक कथा वाचा, मित्राशी तिच्यावर कडाकडा भांडा. पटली नाही तर का नाही पटली ते सांगा. जगतापांनी १९७४ मध्ये एवढंच मागितलं होतं.