सहलीचा बेत मोडा!

मी ईटचा. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातले आमचे गाव. शाळामास्तरकीतून निवृत्त झालो आणि आता दरवर्षी मे महिना मुंबईच्या उपनगरात मुलाकडे काढतो. मुंबईकर आईबापांशी भांडण्याचा तुम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की, त्यांच्या रविवारच्या सहलीत सामानाबरोबर मलाही नेण्यात येते.

ह्या सहलीची तयारी बुधवारपासून सुरू होते. चिरंजीव फोनवर नकाशा पाहतात, मेगाब्लॉक पाहतात. सूनबाई डबे, टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि डासांचे मलम यांची यादी करतात. नऊला गाडी, अकराला पेंग्विन, दीडला जेवण, तीनला समुद्र. आमच्याकडे लग्नाचे वऱ्हाड याहून कमी बंदोबस्तात निघते. ज्या सात वर्षांच्या मुलीसाठी हे सारे चालले आहे, तिला काय हवे, हे मात्र त्या यादीत कुठेच नसते.

गेल्या मे महिन्यात आम्ही भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो. बाग उत्तम. १८६२ साली लोकांसाठी खुली झालेली ही बाग आधी झाडांची, मग जनावरांची. पण आमच्या वेळापत्रकात झाडे नव्हती. आत शिरताच नातीला एका झाडाखाली रतनगुंजेची लाल बी सापडली. एक, मग दुसरी, मग मूठ भरली, फ्रॉकचा ओचा झाला. कुणाची तरी अनोळखी पोर येऊन शेजारी बसली. दोघींचे बिया वाटून घेण्याचे काही गणित सुरू झाले. मी बाकावर टेकलो. म्हटले, आजचा दिवस सत्कारणी लागला. तेवढ्यात चिरंजीवांनी घड्याळ पाहिले. "चल चल, रांग वाढेल!" बिया तिथेच सांडल्या. पुढे काचेपाशी तिला उचलून धरले, फोटो काढला. ती मागे वळून म्हणाली, "ती मुलगी कुठे गेली?"

पेंग्विनांवर माझा राग नाही. २०१६ साली ते मुंबईत आले. बिचारे स्वतःच सहलीला आणलेले आणि परत न नेलेले. बागेवरही राग नाही. राग आहे तो बेतावर.

मी बोललो, तेव्हा चिरंजीव म्हणाले, "नाना, गावाकडचे वेगळे. इथे रस्ता ओलांडणे म्हणजे जिवाशी खेळ. आम्ही दोघे सहा दिवस कामावर. एक रविवार मिळतो, तोही वाया घालवू?" यातला रस्ता मला मान्य आहे. बाकीचे नाही. रविवारी एवढी मोठी मोहीम काढावी लागते, कारण सोमवार ते शनिवार पोरांना पाय ठेवायला जागा नाही. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे, असे नगररचनेच्या चर्चेत नेहमी सांगतात. एक सतरंजीही धड पसरत नाही. केंद्र सरकारची २०१४ ची मार्गदर्शिका १० ते १२ मीटर म्हणते. घराजवळच्या बागेचे फाटक भर सुट्टीतही दुपारी कुलूपबंद असते, आणि ते उघडल्यावर आत पाटी असते: चेंडू खेळू नये, हिरवळीवर जाऊ नये. मग बागेत जाऊन काय करावे? पाटी वाचावी!

आणि सोसायटीचे आवार? तिथे मोटारी. त्यांच्यावर पाटी, "मुलांना खेळण्यास सक्त मनाई." मुलांचा खेळण्याचा हक्क सांगणारे एक कलम, एकतिसावे, १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. तो करार भारताने १९९२ साली मान्य केला. आमच्या सोसायटीपर्यंत ती वार्ता पोचलेली नाही. ह्या मनाईच्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत माझे चिरंजीवही होते. गाडीला ओरखडा पडला होता म्हणे. म्हणजे आठवडाभर पोरीला दारात खेळू द्यायचे नाही आणि रविवारी तिला खेळवण्यासाठी तीच गाडी काढून पेट्रोल जाळायचे!

माझे आजोळ तुळजापूरकडचे. तिकडे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला गावे ओस पडतात, सारी माणसे शेतात. कडब्याची कोप, तिच्यात पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील. मोठ्यांचे सारे ठरलेले. आम्हां पोरांचे काहीच ठरलेले नसे. दिवसभर आमच्याकडे कोणी पाहत नसे, आणि हाक मारली तर ऐकू येईल एवढ्याच अंतरावर आम्ही असू. गावाचे गोडवे गाण्यास मी बसलेलो नाही. आमच्याच भागातली कितीतरी पोरे आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने उघड्यावर काढतात. त्याला कोणी सहल म्हणत नाही.

पण शहरात हे जमतच नाही, असे सांगू नका. दादरचे शिवाजी पार्क पाहा. १९२५ साली लोकांसाठी खुले झालेले हे मैदान आधी माहीम पार्क होते. १९२७ साली अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहाने त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. आत एकमेकांत मिसळलेले क्रिकेटचे डाव, कडेच्या कट्ट्यावर म्हातारी माणसे. कोणाच्या हाती वेळापत्रक नाही. असे मैदान दर वस्तीला का नाही, हे विचारण्यासाठी किती आईबाप नगरसेवकाच्या दारी गेले? पेंग्विनच्या रांगेत दाखवता त्याच्या निम्मी चिकाटी बागेच्या कुलपापाशी दाखवा.

दिवाळीत मी पुन्हा मुंबईला जाणार आहे. सोसायटीची सभा त्याच आठवड्यात आहे. मी सभासद नाही, पण मागच्या खुर्चीवर बसायला हरकत नाही, असे सूनबाईंनी कळवले आहे. पाटी काढण्याचा ठराव त्याच मांडणार आहेत. चिरंजीव हात वर करतात की खाली ठेवतात, ते मला पाहायचे आहे.