‘सेकंद’ दुसरा कसा?

धावण्याच्या शर्यतीत ‘सेकंड’ येणारा मुलगा आणि घड्याळातला सेकंद ह्यांचा काही संबंध असेल काय? वर्गात हा प्रश्न विचारला की मुले हसतात. उच्चार जुळतो, एवढेच, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः हा शब्द एकच आहे.

लॅटिन भाषेत ‘सेक्वी’ म्हणजे मागोमाग जाणे. त्यावरून ‘सेकुंदुस’ म्हणजे मागून येणारा, दुसरा. जुन्या इंग्रजीत ह्या अर्थी ‘अदर’ ह्या शब्दाचेच पूर्वरूप वापरीत. ‘दुसरा क्रमांक’ आणि ‘दुसरा कोणीतरी’ ह्या दोन्हींना एकच शब्द. आपल्या मराठीत तर आजही तसेच आहे. इंग्रजीतला हा घोटाळा फ्रेंचमधून आलेल्या ‘सेकंड’ने मिटवला. सभेत ठरावाला अनुमोदन देण्यालाही इंग्रजीत ‘सेकंड’ करणे म्हणतात. अनुमोदक सूचकाच्या पाठोपाठ उभा राहतो, हे ध्यानात घेतले म्हणजे तोही अर्थ उलगडतो.

मग हा ‘दुसरा’ घड्याळात कसा शिरला? बाबिलोनच्या लोकांची ६०ची गणना ग्रीक ज्योतिर्विदांनी उचलली. इ. स.च्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने अंशाचे ६० भाग आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा ६० भाग करून गणिते मांडली. पुढे लॅटिनमध्ये पहिल्या विभागणीला ‘पार्स मिनूता प्रीमा’, म्हणजे पहिला बारीक भाग, आणि नंतरच्या विभागणीला ‘पार्स मिनूता सेकुंदा’, म्हणजे दुसरा बारीक भाग, अशी नावे मिळाली. पहिल्या नावातले ‘बारीक’ उरले, त्याचे मिनिट झाले. दुसऱ्यातले ‘दुसरा’ उरले, त्याचा सेकंद झाला. कोनाची ही नावे तासाच्या भागांनाही लागली. आपल्याकडील अंश, कला, विकला किंवा घटिका, पळ, विपळ ही उतरणही साठाचीच आहे.

आता पाहा, पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंश फिरते. म्हणजे मिनिटाला १५ मिनिटे आणि सेकंदाला १५ सेकंद! हे वाक्य ऐकून विद्यार्थी भांबावतो. एक सेकंद काळाचा व दुसरा कोनाचा, आणि दोन्ही ‘दुसऱ्या विभागणी’चे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. कोनाच्या सेकंदाला ‘विकला’ म्हटले की गोंधळ तत्काळ संपतो.

शब्दाची कुळकथा व्याख्येची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. १९६७ साली ठरलेल्या व्याख्येनुसार सीझियम-१३३ अणूच्या एका विशिष्ट प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांना लागणारा काळ म्हणजे एक सेकंद. ही संख्या कोणत्याही शब्दकोशातून निघणार नाही. ती प्रयोगशाळेतच मिळते. परंतु नुसती संख्या पाठ करणाऱ्या मुलाला विज्ञानातली नावे आकाशातून पडलेली वाटतात. ती माणसांनी, काही कारणाने, ठेवलेली आहेत हे उमगले की तो पुढच्या प्रत्येक नावाला ‘का?’ विचारू लागतो. विज्ञानाचा आरंभ ह्या प्रश्नातच आहे.

म्हणून शिक्षकांना माझे सांगणे आहे : एकक शिकवताना त्याच्या नावाची गोष्टही सांगा. अभ्यासक्रम संपवण्याची घाई मी जाणतो. पण ह्या गोष्टीला पाच मिनिटे पुरतात. आणि मुलांनो, शिक्षक विसरले तर तुम्ही विचारा. सुरुवात ‘डिग्री’पासून करा : ती कोनात आहे, तापमापकात आहे आणि पदवीच्या कागदावरही आहे!