‘एकदां पाहायला हरकत नाहीं’

चित्रपट पाहून परतलेल्या गृहस्थास ‘कसा काय होता?’ असें विचारलें असतां जीं उत्तरें मिळतात, तीं मोजावयास एका हाताचीं बोटें पुरेशीं आहेत. ‘बरा आहे’, ‘वेळ गेला’, ‘फार संथ’, ‘पैसे वसूल झाले’. आणि या सर्वांचा मुकुटमणि म्हणजे ‘एकदां पाहायला हरकत नाहीं’! तिकिटाचे, गाडीभाड्याचे व मध्यंतरांतील लाह्यांचे पैसे मोजून, अडीच तास अंधारांत बसून सुशिक्षित माणसाच्या पदरांत एवढेंच पडावें, याचें आम्हांस नवल वाटतें. आणि तेवढ्याच भांडवलावर त्यानें चार घरांना सल्ला द्यावा, याची आम्हांस भीति वाटते.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये. सामान्य प्रेक्षकानें मौन धरावें व चित्रपटाविषयीं जाणकारांनींच काय तें बोलावें, असें म्हणणारा एक पक्ष आहे. तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हां या कलेची मीमांसा करणारे शास्त्री आपल्याकडे होते कोठें? पुरुषानें वठविलेली तारामती ज्यांनीं निमूटपणें तारामती म्हणून स्वीकारली, ते साधे प्रेक्षकच या कलेचे पहिले आश्रयदाते. १५ ऑगस्ट १९७५ रोजीं ‘शोले’ प्रकाशित झाला, तेव्हां धंद्यांतल्या जाणत्यांनीं पहिल्या कांहीं दिवसांतच तो बुडाल्याची आवई उठविली. आणि तोच चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हांत पांच वर्षें चालला. जाणते चुकले, व त्यांची चूक एकमेकांस सांगत सुटलेल्या अजाणत्यांनीं सुधारली.

परंतु ज्या तोंडानें चित्रपट तरतो, त्याच तोंडानें तो बुडतो. गुरुदत्तांच्या ‘कागज के फूल’कडे १९५९ सालीं प्रेक्षकांनीं पाठ फिरविली. त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्यांनीं आपलें नांव कोणत्याही चित्रपटास लाविलें नाहीं, आणि १९६४ सालीं ते वारले. आज तोच चित्रपट आपल्याकडील श्रेष्ठ कृतींत गणला जातो. ज्यांनीं पाठ फिरविली ते कांहीं दुष्ट नव्हते, कंटाळले होते. कंटाळा येणें हा गुन्हा नव्हे. पण ‘मला कंटाळा आला’ आणि ‘चित्रपट कंटाळवाणा आहे’ हीं दोन वाक्यें एक नव्हेत. पहिलें अनुभवाचें निवेदन आहे, दुसरा निवाडा आहे. निवेदनाचा अधिकार प्रत्येकास आहे; निवाड्याचा अधिकार मात्र पुरावा पुढें ठेवल्याखेरीज कोणासही प्राप्त होत नाहीं.

‘संथ’ हाच शब्द घ्या. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१५ सालीं चित्रगृहांत आला, तेव्हां हा शब्द किती बैठकींतून फेंकला गेला असेल! तो चित्रपट संथ आहे, यांत शंकाच नाहीं. पण कां संथ आहे? एका लोकशाहिरावरील खटला तारखेमागून तारीख घेत रखडतो. सुटी लागते, कचेरींतील माणसें निघून जातात, एकेक दिवा मालवतो, आणि कॅमेरा त्या काळोखांत तसाच उभा राहतो. सुटलेले सगळे घरीं गेले. न सुटलेल्याचें काय, हा प्रश्न त्या काळोखाखेरीज दुसऱ्या कशानें विचारतां आला असता? ‘संथ आहे’ म्हणून जो थांबला, त्यानें दार पाहिलें, पण कडी काढली नाहीं.

याच्या उलट प्रकारही तितकाच शोचनीय. २०१६ सालीं ‘सैराट’ आला, तेव्हां मध्यमवर्गीय घरांतून त्याचा गल्ला किती कोटींवर गेला, याची चर्चा निर्मात्यासही लाजवील अशा आस्थेनें चालली होती. गाणीं तर लग्नांच्या वरातींतून वाजलीं. परंतु शेवटच्या दृश्यांतला आवाज कां काढून घेतला आहे, आणि रक्तानें माखलेलीं त्या पोराचीं पावलें कोणाच्या उंबरठ्यावरून निघालीं, हा विषय जेवणाच्या पानावर निघाला काय? आपल्या मुलीनें तसेंच लग्न केलें तर आपण काय करूं, असें किती वडिलांनीं मोठ्यानें म्हटलें? आंकड्यांच्या आड दडतां येतें म्हणूनच आंकडे इतके प्रिय होतात, असा आमचा स्पष्ट आरोप आहे.

या आरोपांतून आम्ही स्वतःसही वगळीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एक मराठी चित्रपट आम्हीं मध्यंतरापर्यंत पाहिला व डोकें दुखूं लागलें म्हणून उठून आलों. दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्यांनीं विचारलें, तेव्हां आम्ही डोकेदुखीचा उल्लेख गिळला आणि ‘पैसे वायां!’ एवढेंच ऐटीनें सांगितलें. त्यांचा जाण्याचा बेत रहित झाला. त्याच आठवड्यांत चित्रपट गांवांतून गेला. तो आमच्यामुळें गेला, असें म्हणण्याइतके आम्ही थोर नाहीं. पण पुढें घरीं बसून उत्तरार्ध पाहिला, तेव्हां ज्या धाग्यांना आम्ही पसारा समजलों होतों, त्यांचीच वीण तेथें पुरी होत होती. शेजाऱ्यांना आम्हीं तें अद्यापि सांगितलेलें नाहीं.

‘आम्ही करमणुकीस जातों, परीक्षा देण्यास नव्हे,’ असा आक्षेप येईल. कबूल. पण करमणूक झाली तरी ती कशानें झाली, हें सांगण्यास परीक्षा लागत नाहीं. शिवाय येथें केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाहीं. आज चित्रपट शुक्रवारीं लागतो, आणि शनिवार-रविवारच्या गर्दीवर सोमवारचे खेळ ठरतात. मोठ्या भांडवलाचा चित्रपट जाहिरातीच्या बळावर ते तीन दिवस काढतो. लहान मराठी चित्रपटाजवळ शेजाऱ्याच्या तोंडाखेरीज दुसरी जाहिरात नसते. २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें बहुपडदा चित्रगृहांनीं मराठी चित्रपटांस सोयीची वेळ द्यावी, असा निर्णय जाहीर केला. सरकार वेळ देववील, खुर्च्या भरणार नाहीं. त्या भरणें वा रिकाम्या ठेवणें आपल्या एका वाक्याच्या हातीं आहे, आणि तें वाक्य आपण जांभई देत उच्चारतों!

मग बोलावें तरी कसें? आमच्या नात्यांतील एका वृद्ध बाईंनीं तें आम्हांस न शिकवितां शिकविलें. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला, हें सारें आम्ही त्यांना ऐकवीत होतों. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाल्या, “तें असेल बाबा. पण आजारी पोराला घेऊन जिजाई देवळांत शिरते आणि विठोबावर वहाण उगारते ना, तेव्हां मला देवाची नाहीं, तिची बाजू घ्यावीशी वाटली. मग घरीं येऊन देवापुढें दिवा लावतांना हात थबकला.”

एवढेंच. त्यांत तारे नव्हते, गल्ला नव्हता, ‘पाहा’ किंवा ‘पाहूं नका’ असा हुकूमही नव्हता. काय पाहिलें व पाहून आपलें काय झालें, इतकेंच होतें. त्याच रात्रीं आम्हीं तो चित्रपट पुन्हां लाविला. असें एक वाक्य ज्याच्यापाशीं असेल त्यानें तें अवश्य सांगावें. आणि ज्याच्यापाशीं नसेल त्यानें ‘एकदां पाहायला हरकत नाहीं’ असें म्हणण्याऐवजीं आपणच तो आणखी एकदां पाहावा.