कोणाची शस्त्रे, कोणाची वेस!

सोलापूरहून हैदराबादेस निघाले की नळदुर्गाजवळ अणदूर लागते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी याच वाटेने भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरले. त्याआधी, नाकेबंदी चालू असता, सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक ब्रिटिश बनावटीच्या लँकास्ट्रियन विमानांतून कराचीहून निजामाला चोरून शस्त्रे पोचवीत होता. आणि गंमत पाहा, त्या शस्त्रांवर चालून गेलेले आपले शर्मन रणगाडे अमेरिकी बनावटीचे! पाच दिवसांत निजाम शरण आला, मराठवाडा मुक्त झाला. ते व्हायलाच हवे होते. पण हिशेब काय? इथे माणसे मेली. कॉटनला विलायतेत दंड झाला, अवघा दोनशे पौंड. शस्त्रे विकणाऱ्याचे अंगण शाबूत राहते, रणांगण होते ते आपल्या वेशीचे.